'शंभर टक्के एस३ कम्पॅटिबल' म्हणणाऱ्यांना लावून बघायची गोष्ट: सेफच्या एस३-टेस्ट्सचा रिव्ह्यू

ऑब्जेक्ट स्टोरेज (फाइली 'ऑब्जेक्ट' म्हणून 'बकेट' नावाच्या डब्यांत ठेवणारी साठवण) विकणारा कुठलाही माणूस समोर बसला की तिसऱ्या-चौथ्या स्लाइडला 'शंभर टक्के एस३ कम्पॅटिबल' येतंच येतं, म्हणजे ॲमेझॉनच्या एस३ या स्टोरेज सर्व्हिससारखंच हुबेहूब चालतं असा दावा. आता शंभर टक्के म्हणजे कशाचे शंभर, कोणी मोजले, कशाने मोजले, असं विचारलं की समोरचा आधी पाणी पितो आणि मग 'टेक्निकल टीमशी कॉल लावून देतो' म्हणतो. माझं कामच हे आहे, पुण्यात बसून कंपनीसाठी स्टोरेज तपासायचं, बॅकअप कुठे जाणार, लॉग कुठे जाणार, ॲमेझॉनवरून काही खाली आणायचं असेल तर ॲप्लिकेशनला हात न लावता येईल का वगैरे, त्यामुळे हे मोजायला जे जे फुकटात मिळतं ते बऱ्यापैकी वापरून झालंय. त्यातला सगळ्यात जास्त वापरला जाणारा संच म्हणजे सेफ या ओपन सोर्स स्टोरेज प्रोजेक्टचा एस३-टेस्ट्स. हा रिव्ह्यू त्याचा, बाकीचे येतील मधेमधे.

निकाल आधीच सांगून टाकतो म्हणजे घाईत असलेल्यांची सोय: घ्या, नक्की घ्या, पण शेवटी जो पास-नापासाचा टक्का येतो तो कोणाला दाखवू नका आणि कोणी दाखवला तर मानू नका.

मुळात भानगड अशी आहे की एस३ हे काही स्टँडर्ड नाही. ॲमेझॉनने मार्च २००६ मध्ये ही सर्व्हिस काढली आणि तेव्हापासून एपीआय (प्रोग्रॅमने सर्व्हरशी बोलायचे नियम) म्हणजे ॲमेझॉनची डॉक्युमेंटेशन अधिक ॲमेझॉनचा सर्व्हर प्रत्यक्षात जे करतो ते, संपलं. कुठली समिती नाही, सगळ्यांनी मान्य केलेलं स्पेसिफिकेशन नाही, तुम्ही पास झालात असा शिक्का मारून देणारं कोणी नाही. डॉक्युमेंट एक म्हणतंय आणि सर्व्हर दुसरंच करतोय असं झालं तर सर्व्हर खरा धरायचा. बाकीचे सगळे, म्हणजे सेफचा रॅडोस गेटवे (सेफचा एस३ बोलणारा भाग), मिनिओ, सीवीडएफएस, गॅरेज, बॅकब्लेझ, वसाबी, क्लाउडफ्लेअरचं आर२, हे ॲमेझॉनकडे बघून बघून लिहिलेले आहेत. काहीजण निदान प्रामाणिक आहेत, आर२ वाल्यांनी आपल्या डॉक्युमेंटमध्ये ऑपरेशनवार सरळ लिहिलंय की हे आहे, हे नाही, एसीएल (कोणाला काय परवानगी त्याची यादी) तर अजिबात नाही. मला असला कागद शंभर टक्क्यांपेक्षा कितीतरी जास्त आवडतो.

आणि हा फरक किती खरा आहे ते बघायचं असेल तर आरक्लोन या फाइली इकडून तिकडे नेणाऱ्या टूलचा कोड उघडा. त्यात एस३ च्या भागात प्रत्येक प्रोव्हायडरसाठी वेगवेगळी वळणं लिहून ठेवलेली आहेत, ह्याला लिस्टिंगची (बकेटमधल्या नावांच्या यादीची) जुनी पद्धत वापरा, त्याला पाथ स्टाइल (बकेटचं नाव डोमेनमध्ये नाही, पत्त्यात पुढे) लागते, अमक्याचा मल्टिपार्टचा (तुकड्यांनी केलेल्या अपलोडचा) ईटॅग, म्हणजे ऑब्जेक्टची ओळखखूण, धरू नका. वर्षानुवर्षं लोकांनी बग टाकले आणि त्यातून ही यादी झाली. म्हणजे ज्याला सगळ्यांशी बोलावं लागतं त्याला माहितीये की हे सगळे एकसारखे नाहीत.

असो, एस३-टेस्ट्स. पायथॉनमध्ये लिहिलेला संच आहे, एमआयटी लायसन्स, आतून बोटो३ ही ॲमेझॉनचीच लायब्ररी वापरतो, पायटेस्ट या टेस्ट चालवणाऱ्या टूलवर चालतो. पूर्वी नोज आणि जुन्या बोटोवर होता, नोज केव्हाच बंद पडलं तरी बराच काळ तसाच ओढला, आता पायटेस्टवर आलाय ते बरं झालं. रीडमीमध्ये पहिल्याच वाक्यात अनधिकृत असं स्वतःच लिहिलंय, हे लक्षात ठेवा, ॲमेझॉनचा याच्याशी काडीचा संबंध नाही. टेस्ट काही शेकड्यांत आहेत आणि वाढतच असतात. बकेट बनवणं, नावं बरोबर-चूक, लिस्टिंग, एसीएल, पॉलिसी, मल्टिपार्ट, व्हर्जनिंग (जुन्या आवृत्त्या ठेवणं), लाइफसायकल, एन्क्रिप्शन, ऑब्जेक्ट लॉक (ठरावीक काळ कोणाला डिलीट न करू देणं), टॅगिंग, ब्राउझरमधून फॉर्मने अपलोड, सगळं आहे.

सेटअप तसा सोपा. रेपो क्लोन करा, नमुन्याची कॉन्फिग फाइल असते ती कॉपी करून त्यात होस्ट, पोर्ट, टीएलएस (एन्क्रिप्टेड कनेक्शन) आहे की नाही ते भरा, एका एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये त्या फाइलचा पत्ता द्या आणि टॉक्स चालवा, पायथॉनचं बाकी सगळं टॉक्स ओढून आणतो. गाडी अडते ती युजरांपाशी. फाइलमध्ये मेन, ऑल्ट, टेनंट, आयएएम असे वेगवेगळे सेक्शन आहेत, प्रत्येकाला वेगळा युजर, वेगळ्या किल्ल्या, आणि एसीएलच्या टेस्ट मालकाचा आयडी आणि नाव अक्षरशः जुळवून बघतात त्यामुळे डिस्प्ले नेमसुद्धा बरोबर हवं. सेफच्या स्वतःच्या डेव्हलपर स्क्रिप्टमध्ये हे टेस्टचे युजर आपोआप तयार होतात, त्यांना काय त्रास. तुमच्याकडे दुसरं प्रॉडक्ट असेल तर एकेक हाताने बनवा. त्यात टेनंट (एकाच सिस्टिममधले वेगवेगळे ग्राहक) ही कल्पनाच सेफची, ॲमेझॉनच्या एस३ मध्ये तसलं काही नसतं, मग तिथे काय भरायचं? मी कुठलातरी तिसरा युजर देऊन मोकळा होतो आणि त्या टेस्ट बाजूला ठेवतो.

एक इशारा मात्र मोठ्या अक्षरात वाचा. प्रत्येक टेस्टच्या आधी-नंतर हा संच ठरवून दिलेल्या प्रीफिक्सने (नावाच्या सुरुवातीच्या तुकड्याने) सुरू होणाऱ्या बकेट शोधतो, रिकाम्या करतो आणि उडवतो, काही विचारत वगैरे नाही. नमुन्याच्या फाइलमध्ये प्रीफिक्समध्ये रँडम भाग असतो म्हणून सहसा काही होत नाही, पण कोणीतरी हुशारी करून तो काढला आणि तिथे 'प्रॉड' असं काही लिहिलं आणि किल्ल्या खऱ्या अकाउंटच्या दिल्या तर संध्याकाळी घरी जायची घाई करू नका. वेगळं अकाउंट, वेगळे युजर, यात तडजोड नाही.

आता मुद्द्याचं. पहिल्यांदा चालवलं की लाल रंगाचा, म्हणजे फेल टेस्टचा, पूर येतो. सेफ सोडून कशावरही चालवा, येतोच. इथे बरेच लोक दोनपैकी एक करतात, एकतर 'हे प्रॉडक्ट भिकार आहे' म्हणतात नाहीतर 'हा टेस्ट संच भिकार आहे' म्हणतात. दोन्ही घाईचं. त्या लाल ओळी वेगवेगळ्या जातीच्या असतात आणि खरं काम त्या वेगळ्या करण्याचं आहे.

लाइफसायकलचं उदाहरण घ्या. नियम असतो की इतक्या दिवसांनी ऑब्जेक्ट उडव. टेस्ट काय दिवस थांबणार नाही, म्हणून सेफमध्ये डीबगसाठी एक सेटिंग आहे ज्याने एक दिवस म्हणजे काही सेकंद असं धरता येतं, आणि एस३-टेस्ट्सच्या कॉन्फिगमध्येही तोच आकडा द्यायचा असतो. मग टेस्ट नियम लावते, थोडी झोपते, उठून मोजते की किती ऑब्जेक्ट उरले. सेफवर मस्त चालतं. तुमच्या प्रॉडक्टमध्ये दिवस आखूड करायची सोय नसेल तर लाइफसायकल कितीही चोख असो, टेस्ट लाल. खुद्द ॲमेझॉनवरही ही लाल होणार, कारण ॲमेझॉनकडे दिवस चोवीस तासांचाच आहे! शिवाय प्रत्येक टेस्ट झोपा काढत बसते त्यामुळे वेळ जातो तो वेगळाच. हे सगळं पायटेस्टच्या मार्कने (टेस्टवर लावलेल्या खुणेने) गाळता येतं, लाइफसायकल एक्स्पायरेशन असा वेगळा मार्कच आहे, पहिल्या फेरीत तो बाहेर ठेवा.

मग दुसरी जात, सेफच्या घरच्या टेस्ट. हेड बकेट (बकेटची फक्त वरवरची माहिती विचारणारी हाक) मारलं की किती ऑब्जेक्ट आहेत, किती बाइट आहेत हे सांगणारे हेडर सेफ देतं, ॲमेझॉन देत नाही. लिस्टिंग क्रमाने नको, कसंही चालेल पण पटकन दे, अशी सेफची एक ज्यादा सोय आहे, तिचीही टेस्ट आहे. हे सगळं एस३ च्या नावाच्या संचात बसलंय. स्वतःच्या पोराच्या वर्गाचा पेपर बापाने काढावा तसं आहे हे, बाप प्रामाणिक असला तरी घरात शिकवलेलं एखाददुसरं पेपरात येणारच. सेफवाल्यांच्या बाजूने एवढं बोललं पाहिजे की त्यांनी लपवलेलं नाही, असल्या टेस्टवर 'ॲमेझॉनवर फेल होते' असा मार्क लावलेला आहे, आणि स्वतःचं पोरगं जिथे नापास होतं तिथे 'रॅडोस गेटवेवर फेल होते' असाही मार्क आहे. हे दुसरं मला फार आवडलं. स्वतःच्या प्रॉडक्टच्या चुकांची यादी कोडमध्ये उघडी ठेवणारे लोक कमी असतात.

तर तुम्ही सेफ वापरत नसाल तर 'ॲमेझॉनवर फेल' मार्क असलेल्या सगळ्या टेस्ट वगळूनच सुरुवात करा. पण इथेही एक गंमत आहे. पुट करताना 'हे ऑब्जेक्ट आधीपासून नसेल तरच लिही' किंवा 'ईटॅग हाच असेल तरच लिही' अशी अट घालणं सेफमध्ये फार आधीपासून होतं आणि ॲमेझॉनमध्ये नव्हतं, म्हणून त्या टेस्टवर तो मार्क होता. ॲमेझॉनने नसेल-तरच-लिही वालं ऑगस्ट २०२४ मध्ये आणलं आणि ईटॅगची अट नोव्हेंबर २०२४ मध्ये. म्हणजे नकलेत आधी, अस्सलमध्ये नंतर. त्यामुळे हे मार्कसुद्धा डोळे मिटून मानायचे नाहीत, ॲमेझॉन बदलत असतं आणि मार्क कोणीतरी येऊन बदलेपर्यंत जुनाच राहतो.

तिसरी जात, जिथे ॲमेझॉनचंच ॲमेझॉनशी जुळत नाही. तुमचीच बकेट तुम्हीच परत बनवायला गेलात तर काय व्हावं? ॲमेझॉनच्या नॉर्थ व्हर्जिनियाच्या रीजनमध्ये (डेटा सेंटर असलेल्या भागात) २०० येतो, सगळं ठीक म्हणतं, वर एसीएल परत मूळपदावर आणून ठेवतं. हेच मुंबई रीजनला करून बघा, ४०९ येतो, ही बकेट आधीच तुमची आहे म्हणून. दोन्ही ॲमेझॉन, दोन्ही 'खरं' एस३. आता तुमच्या व्हेंडरने कुठलं धरावं? इथे लाल की हिरवं याला काही अर्थच नाही, फक्त माहीत असलं पाहिजे की आपलं प्रॉडक्ट कुठल्या बाजूला आहे, कारण टेराफॉर्मची (सर्व्हर वगैरे आपोआप उभारणाऱ्या टूलची) स्क्रिप्ट किंवा एखादं ॲप सुरू होताना 'बकेट बनव, असली तर असू दे' असं करत असेल तर तिथे दगा होतो.

आणि मग राहतात त्या खऱ्या लाल ओळी, ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप. यातली माझी सगळ्यात लाडकी टेस्ट सांगतो, कारण असली एक टेस्ट नीट समजली की संच किती बारकाईने लिहिलाय ते कळतं.

एका बकेटमध्ये पाच ऑब्जेक्ट टाकतात. एकाचं नाव एएसडीएफ, दोन 'बू/' ने सुरू होणारी (बू/बार आणि बू/बाझ/झिझी), दोन 'सीक्वक्स/' ने सुरू होणारी. मग म्हणतात, स्लॅश हा डिलिमिटर (नावाचे तुकडे पाडणारं चिन्ह) धर आणि एका वेळी एकच दे. पहिल्या हाकेला एएसडीएफ यायला पाहिजे, आणि 'अजून आहे' असं सांगणारा झेंडा, आणि पुढे कुठून सुरू करायचं तो मार्कर. मार्कर देऊन दुसरी हाक मारली की ऑब्जेक्ट एकही नाही, फक्त 'बू/' हा फोल्डरसारखा प्रीफिक्स, आणि तोच पुढचा मार्कर. तिसऱ्या हाकेला 'सीक्वक्स/' आणि आता झेंडा खाली, संपलं. म्हणजे एकच आयटम मोजताना प्रीफिक्ससुद्धा एक धरायचा, त्याच्या पोटात दोन ऑब्जेक्ट आहेत म्हणून दोन नाही. आणि 'बू/' हा मार्कर दिला की त्याच्या पोटातलं सगळं उडी मारून पुढे जायचं. एवढंच. पण ज्याने लिस्टिंग स्वतः लिहिलंय त्याला विचारा. डेटाबेसमध्ये नावं अक्षरांच्या क्रमाने लावली तर 'बू/' च्या नंतर लगेच 'बू/बार' येतं, म्हणजे साध्या पद्धतीने 'मार्करच्या पुढचं दे' लिहिलं की दुसऱ्यांदा परत 'बू/' च हातात, तिसऱ्यांदा परत 'बू/', आणि तुमचं बॅकअप टूल रात्रभर गोल गोल फिरत बसतं. किंवा उलट, उडी जरा जास्त लांब मारली की मधला अख्खा फोल्डर गायब, आणि हे जास्त वाईट, कारण कुठे एरर येत नाही, बॅकअप 'यशस्वी' होतो. हजाराच्या आत ऑब्जेक्ट असतील तर हे कधी दिसणारही नाही, कारण एका हाकेत हजारपर्यंत सगळं येतं, डेमोमध्ये तर नाहीच नाही. ही टेस्ट पाच ऑब्जेक्टमध्ये ते पकडते. असल्या प्रीफिक्स-डिलिमिटरच्या बऱ्याच टेस्ट आहेत, लिस्टिंगच्या दोन्ही आवृत्त्यांसाठी, आणि मी कुठलंही नवीन प्रॉडक्ट आलं की आधी याच चालवतो.

याच्यावरून आठवलं, एका व्हेंडरने (नाव नाही घेत) मोठा पीपीटी दाखवला, याच संचात नव्व्याण्णव टक्के पास. छान. विचारलं की कुठली ब्रँच, कुठल्या टेस्ट वगळल्या, कमांड काय होती. सेफच्या प्रत्येक रिलीजला याची वेगळी ब्रँच असते म्हणून ब्रँचही महत्त्वाची, जुन्या ब्रँचवर नव्या टेस्टच नाहीत. उत्तर यायला बराच वेळ लागला आणि आलं तेव्हा कळलं की व्हर्जनिंग, ऑब्जेक्ट लॉक, पॉलिसी सगळं आधीच गाळलेलं होतं, उरलेल्याचे नव्व्याण्णव. आमचा तर अख्खा प्रोजेक्टच रॅन्समवेअरपासून वाचायला ऑब्जेक्ट लॉकवर उभा. खोटं बोलले असं म्हणता येत नाही हो, आकडा खराच होता. म्हणून म्हटलं टक्का बघू नका. लिस्टिंगच्या दहा टेस्ट फेल झाल्या आणि ब्राउझर फॉर्मने अपलोडच्या दहा फेल झाल्या, टक्का सारखाच पडतो, पण दुसऱ्याने आमच्याकडे कोणाची झोप मोडणार नाही.

टक्क्याऐवजी काय, तर ज्ञात अपयशांची यादी. हे काही मी शोधलेलं नाही, ओपनस्टॅक या ओपन सोर्स क्लाउडच्या स्विफ्ट या ऑब्जेक्ट स्टोरेजवाल्यांनी एस३ चा थर बसवला तेव्हा त्यांच्या रेपोत सेफच्या याच टेस्टपैकी आपल्याकडे कुठल्या फेल होतात याची यामल फाइल ठेवली होती. चालवायचं, फाइलशी ताडून बघायचं, यादीबाहेरचं काही फेल झालं तर थांबायचं, आणि यादीतलं काही अचानक पास झालं तरी बघायचं की का. आम्हीपण तेच करतो, फक्त प्रत्येक ओळीपुढे एक कारण लिहायचा दंडक घातलाय: आम्हाला लागत नाही, टेस्टच सेफची आहे, व्हेंडरकडे तिकीट आहे, ॲमेझॉनमध्येच दोन वागणुकी आहेत. रात्री आपोआप चालतं. व्हेंडरने अपग्रेड दिलं की फरक सकाळी समोर. खरेदीच्या कागदातही आता टक्का मागत नाही, ही फाइल मागतो.

आणि हे नुसतं सर्व्हर बदलल्यावर चालवायचं नाही, क्लायंट बदलल्यावरही चालवा. जानेवारी २०२५ मध्ये ॲमेझॉनने आपल्या एसडीके मध्ये (प्रोग्रॅमरसाठीच्या लायब्ऱ्यांमध्ये) अपलोडला सीआरसी३२ चेकसम (डेटा बरोबर पोचला का ते तपासायचा आकडा) आपोआप लावायला सुरुवात केली, बोटो३ मध्ये १.३६ पासून. इकडे लोकांचे सर्व्हर जागचे हलले नव्हते, कोणी काही हात लावला नव्हता, आणि नुसतं पायथॉनचं पॅकेज अपडेट झालं म्हणून जगभर एस३ कम्पॅटिबल वाल्यांवर अपलोड आपटायला लागले. एकदम बरेच ऑब्जेक्ट डिलीट करायची जी हाक असते तिथे तर पूर्वी कंटेंट-एमडी५ हेडर (जुन्या पद्धतीचा चेकसम) जायचा, नव्या एसडीके ने तो सोडून सीआरसी पाठवायला घेतला, आणि जुने सर्व्हर म्हणतात एमडी५ कुठाय. अपलोडपुरता तात्पुरता उपाय म्हणजे चेकसम 'गरज असेल तेव्हाच' अशी सेटिंग, तीच बऱ्याच जणांनी लावली. टेस्टच्या दृष्टीने यातला धडा एवढाच की निकालासोबत बोटो३ कुठला होता ते लिहून ठेवा, नाहीतर तीच कमांड, तोच सर्व्हर, वेगळा निकाल, आणि व्हेंडरशी उगाच भांडण.

इथेच एस३-टेस्ट्सची मोठी मर्यादा आहे, सगळं एका पायथॉनच्या चष्म्यातून. तुमची ॲप जावात, गो मध्ये असतील तर त्या एसडीके च्या खोड्या वेगळ्या. त्यासाठी मिनिओचं मिंट बघा. तो एक कंटेनर आहे, आत गो, जावा, पीएचपी, रुबीचे ॲमेझॉनचे एसडीके, एडब्ल्यूएस ची कमांडलाइन, एस३सीएमडी, मिनिओच्या स्वतःच्या लायब्ऱ्या असं सगळं भरलेलं. सर्व्हरचा पत्ता आणि किल्ल्या दिल्या की चालू, युजरांची कटकट नाही, निकाल जेसनच्या ओळींमध्ये, कुठल्या फंक्शनला किती वेळ लागला, पास की फेल की लागूच नाही. चालवायला दहापट सोपा. पण खोली कमी, बहुतेक सरळमार्गी काम होतंय का एवढंच बघतो, वाकडं वागलं तर सर्व्हर कुठला एरर देतो यात एस३-टेस्ट्सचा हात कोणी धरणार नाही. शिवाय मिनिओने २०२५ मध्ये कम्युनिटी आवृत्तीच्या कन्सोलमधून ॲडमिनचे फीचर काढून टाकल्यापासून त्यांच्या फुकट गोष्टींवर किती विसंबायचं हा प्रश्न आहेच. तरी दोन्ही चालवा, मिंट अर्ध्या चहात होतं.

खरं तर हे काम कसं व्हायला हवं ते इतरांनी करून दाखवलंय. ओपनस्टॅकमध्ये टेम्पेस्ट नावाचा एकच संच, आणि 'ओपनस्टॅक पॉवर्ड' नाव लावायचं असेल तर त्यातल्या ठरवून दिलेल्या टेस्ट पास व्हायलाच हव्यात, टेस्टमध्ये स्वतःचे बदल करायचे नाहीत. एखादी टेस्टच चुकीची वाटली तर ती सगळ्यांसमोर मांडून फ्लॅग करून घ्यायची, मग ती सगळ्यांनाच माफ. कंटेनर चालवणाऱ्या कुबरनेटिसचंही तसंच, २०१७ पासून कन्फॉर्मन्स प्रोग्रॅम आहे, निकालाचे लॉग गिटहबवर उघडे, कोणीही बघा. तिथे भांडणं झाली नाहीत असं नाही, पण भांडायला जागा आहे. एस३ ला ती जागाच नाही, कारण ज्याचा एपीआय आहे तो मालक या टेबलावर बसलेलाच नाही आणि त्याला बसायची गरजही नाही. मग सेफचा संच हाच लोकांनी आपापसात मानून घेतलाय, सीवीडएफएसवाले आपल्या सीआय मध्ये (कोड बदलला की आपोआप होणाऱ्या तपासणीत) हाच चालवतात.

आता तक्रारी एकदाच ओतून टाकतो. डॉक्युमेंटेशन जवळपास नाही, टेस्टचं नाव वाचा आणि कोड वाचा हेच डॉक्युमेंट. फेल झाल्यावर पायथॉनचा लांबलचक ट्रेस येतो, वायरवर नक्की काय गेलं आणि काय आलं ते बघायला बोटोचं डीबग लॉगिंग आपण चालू करा. एकामागून एक चालतं, पूर्ण फेरीला वेळ जातो. सेटअपमध्येच एखादी बकेट अडकली, समजा सर्व्हरला डिलीटच नीट येत नाही, तर पुढच्या असंबंधित टेस्टही धडाधड एरर देतात आणि नवख्याला वाटतं सगळंच मोडलंय, तेव्हा फेल आणि एरर या दोन गोष्टी पायटेस्ट वेगळ्या दाखवतो त्या वेगळ्याच मोजा. आणि स्पीड, डिस्क उडाल्यावर डेटा वाचतो का, पन्नास लाख ऑब्जेक्ट झाल्यावर लिस्टिंग कशी रांगते, हे यात काहीच नाही, ते या संचाचं कामही नाही, पण मॅनेजर लोकांना 'कम्पॅटिबिलिटी टेस्ट पास' ऐकलं की सगळंच पास वाटतं, त्यांना आधीच सांगून ठेवा.

पाचपैकी चार देतो. एक कापला तो डॉक्युमेंटेशन आणि युजरांच्या कटकटीसाठी. किंमत शून्य, फक्त खऱ्या ॲमेझॉनवर तुलनेसाठी चालवलं तर थोडं बिल येईल, आणि ती तुलना एकदा तरी कराच, मुंबई रीजनवर करा, म्हणजे आपल्या व्हेंडरचा लाल आणि ॲमेझॉनचा लाल शेजारी शेजारी ठेवता येतात आणि अर्धे वाद तिथेच मिटतात.

सुरुवात करणाऱ्यांनी अख्खा संच चालवत बसू नका. आधी लिस्टिंगच्या डिलिमिटरवाल्या टेस्ट, मग मल्टिपार्ट (त्यात शेवटचा सोडून ५ एमबीपेक्षा छोटा तुकडा दिला तर नाकारतो का, ही बघाच, काही सर्व्हर खुशाल घेतात), मग तुम्हाला लागत असेल तर व्हर्जनिंग आणि ऑब्जेक्ट लॉक. प्रत्येकासाठी पायटेस्टला नावाचा तुकडा किंवा मार्क देता येतो. एवढ्यात जे लाल येईल ते घेऊन व्हेंडरला फोन करा, आणि फोनवर टेस्टचं पूर्ण नाव सांगा, 'लिस्टिंग चालत नाही' असं मोघम नको, नाव सांगितलं की त्यांचा डेव्हलपर तीच टेस्ट त्याच्याकडे चालवू शकतो आणि 'आमच्याकडे तर चालतंय' म्हणायची सोय राहत नाही.